डावा कौल

धोंडू गुरवाने तांब्यातल्या पाण्यात पाकळी भिजवली आणि चाचपत सोमजाईच्या मूर्तीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली. मग दुसरी डाव्या खांद्यावर. हाताला जागा पाठ होत्या. बापाच्या मागे उभं राहून तो हे काम शिकला, त्याला आता उभा जन्म लोटला होता. पाकळ्या लावायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती. डोळे लागत ते त्यानंतर, आणि तिथेच सगळं घोडं अडत होतं.

तो मागे सरून गाभाऱ्याच्या कडेला उभा राहिला. उंबऱ्याबाहेर यमुनाबाई खांबाला पाठ टेकून बसली होती. वरच्या वाडीपासून देवळापर्यंतची उतरण ती सुनेच्या, मालनच्या, खांद्यावर भार टाकून जागोजागी बसत आली होती आणि अजून तिचा श्वास खाली बसला नव्हता. डोक्यावर भाताचा भारा घेऊन हीच बाई तरण्या पोरींच्या पुढे चालायची. धोंडूने ते आपल्या धड डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा नवरा रावजी त्याचा जिवाभावाचा सोबती. तो गेला, तरी ती धोंडूला भावजी म्हणायची आणि तो तिला वयनी.

दुखणं बाईमाणसाचं होतं, चारचौघांत नाव न घेण्याजोगं. वर्षानुवर्षं तिने ते कुणाला कळू दिलं नाही. उठणं-बसणंच जड झालं तेव्हा मालनने तिला देवरुखच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात न्या, ऑपरेशनशिवाय हे बरं होणारं नाही. आणि अंगात थोडीफार ताकद आहे तोवरच न्या, म्हातारी आणखी खंगली तर तिला भूलही सोसायची नाही. मालन त्याच पावली रत्नागिरीची एस्टी धरायला तयार होती. पण यमुनाबाई हटून बसली. सोमजाईने उजवा कौल दिला तरच ती गावाची शीव ओलांडणार होती. मुलगा हरिश्चंद्र मुंबईत. संपात गिरणी सुटल्यापासून तो एका गोदामात राबत होता. त्याचाही निरोप आला, की देवी सांगेल तसं करा.

म्हणून त्या दोघी आल्या होत्या, आणि मुद्दाम अशा वेळी आल्या होत्या की देवळात चिटपाखरू नसेल. भाताची झोडणी चालली होती. सगळा गाव खळ्यांवर होता.

धोंडूने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बाय सोमजाई, तुजं लेकरू दुखणं घेऊन तुज्या दारात बसलंय. डॉक्टर म्हनतो, रत्नांग्रीला जाऊन आपरेशन करा. जायचं असंल तर उजवी दे. घरातच ऱ्हायचं असंल तर डावी दे. मनात किंतू ठेवू नको."

मालनने उंबऱ्यावर डोकं टेकलं. गुरवाने शब्द दिल्याशिवाय ती ते उचलणार नव्हती. जी पाकळी आधी पडेल तो देवीचा शब्द, आणि तो गुरवाने बघून सांगायचा. तोवर त्याने मूर्तीला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. गावाची पूर्वापार रीत ती हीच.

आणि धोंडूला तर समईची वातसुद्धा धुरकट पिवळा ठिपका होऊन दिसत होती.

हे एकाएकी झालं नव्हतं. आधी रस्त्यावरचे लोक ओळखू येईनात, मग सुई-दोरा गेला, मग ताटातली आमटी आणि पाणी यांच्यातला फरक वासावर कळू लागला. देवरुखच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा गावातले बरेच म्हातारे गेले. धोंडू गेला नाही. कंबर धरली म्हणाला. खरं कारण वेगळंच होतं. मोतीबिंदू निघाला असता तर पहिला माणूस विचारणार होता, गुरवानु, कधीपासून दिसत नाही? आणि त्याचं उत्तर दिलं की कुणाची विहीर, कुणाची वाटणी, कुणाचं लग्न, सगळं उलटंपालटं व्हायचं. त्या विचारानेच त्याची पाचावर धारण बसायची.

तोवर त्याने आपल्यापुरती एक युक्ती काढली होती. कौल लावला की देवळात माणसं असतातच. पाकळी पडली की त्यांच्यात काहीतरी होतं. उजवी पडली की कुणी हलकेच सुस्कारा सोडतो, बायांच्या बांगड्या वाजतात. डावी पडली की सगळे गप्प होतात. धोंडू क्षणभर थांबायचा, कान द्यायचा आणि मग सांगायचा. गुरवाचा शब्द खोडायची गावात कुणाची छाती नव्हती. तरी आपण चुकत नाही, असं त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं. मात्र कौल सांगितल्यावर उरलेली पाकळी हाताने काढायची असते, ते त्याने सोडलं होतं. आता तो मूर्तीवर सरळ तांब्याभर पाणीच ओतायचा. लोकांना वाटायचं, गुरवाची भक्ती वाढली. त्याला फक्त हाताला काही कळू द्यायचं नव्हतं.

समईच्या उजेडात काहीतरी पांढरं हललं.

धोंडूने कान दिला. मागे काहीच नव्हतं. मालनचं डोकं उंबऱ्यावर होतं आणि यमुनाबाईचा मघापासून ऐकू येणारा श्वासही थांबल्यासारखा झाला होता. त्याने थोडा वेळ जाऊ दिला. बाहेर कुठल्याशा खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता.

त्याला मिरगलांचा म्हातारा आठवला. त्याला धोंडूने उजवा कौल सांगितला होता, मुंबईला इस्पितळात न्यायचा, आणि तिकडून म्हाताऱ्याची नुसती बातमी आली. म्हाताऱ्याचा मुलगा त्यानंतर देवळात आला, पायरीशी नुसता बसून राहिला आणि निघून गेला. धोंडूला त्या बसण्याची अजून धास्ती होती. उजवा कौल माणसाला घराबाहेर काढतो, चाकूखाली झोपवतो. डाव्याने काही घडत नाही. माणूस आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर राहतो, आणि पुढे जे होईल ते वयाच्या नावावर जातं.

"डावा," धोंडू म्हणाला. "घरातच ऱ्हा म्हनतेय बाय."

आणि त्याने तांब्या उपडा केला.

मालनने डोकं उचललं. तिचा चेहरा त्याला दिसला नाही, एवढं एक बरं झालं. तिने एकदा विचारलं, नीट बघितलंत ना बाबा? देवीवर अविश्वास म्हणून नव्हे, बुडणारा माणूस हात मारतो तसं विचारलं. तो म्हणाला, बघितलं. यमुनाबाईने पदर सावरला, खांबाला धरून उठली आणि सुनेचा हात धरून वाटेला लागली. जाताना ती येतानापेक्षा कमी वेळा बसली, असं धोंडूला पावलांच्या आवाजावरून वाटलं. पण त्याचा त्याने त्या वेळी काही अर्थ लावला नाही.

त्या दिवसापासून त्याचं अन्न गोड लागेना. जेवण शेजारून, भावजयीच्या घरून यायचं. ताट निम्मं परत जाऊ लागलं. वरच्या वाडीतलं कुणी देवळात आलं की तो आडून आडून यमुनाबाईची चौकशी करायचा. आधी कळलं, ती आता विहिरीवर येत नाही. मग कळलं, पडवीतून अंगणातही येत नाही. पेज तेवढी पिते. मग कुणीतरी सहज सांगून गेलं, म्हातारी न्हाणीत पडली, हाडबीड मोडलं नाही, पण आता खांब धरल्याशिवाय उभी राहत नाही. सांगणाऱ्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचं असंच चालायचं. धोंडूला मात्र डॉक्टरचे ते शब्द पाठ झाले होते. अंगात ताकद आहे तोवर. ती ताकद रोज थोडी थोडी कमी होत होती आणि प्रत्येक दिवस त्याच्या नावावर जमा होत होता.

देवीपुढे उभं राहून त्याने खूप वेळा कबुली दिली. सोमजाई ऐकून घ्यायची. तिला सांगणं फार सोपं होतं.

एके दिवशी मालन अंगारा न्यायला आली. हळू आवाजात तिने विचारलं, बाबा, तोच कौल परत लावता येतो काय? येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. एकदा दिलेला शब्द देवीला परत विचारायचा नाही. तरी ती विचारत होती. सासूला ती आत्या म्हणायची. म्हणाली, आत्या आता रात्रभर कण्हतात, पण विचारलं तर म्हणतात काही होत नाही, देवीने सांगितलंय घरात राहा. मग अंगाऱ्याची पुडी पदराला बांधता बांधता ती म्हणाली,

"डावा नसता तर मी पाठुंगळीला मारून नेली असती त्यांना. वजनच नाय ऱ्हायलं आता."

ती गेली. धोंडू तांब्या हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने तांब्या खाली ठेवला, काठी घेतली आणि देवळाचं दार ओढून घेतलं.

वरच्या वाडीची वाट जांभ्याची, पायऱ्या ओबडधोबड. लहानपणापासून पायाखालची वाट. पण पायाखालची वाटही डोळे नसले की परकी होते. मध्ये कुणीतरी नवा दगड आणून टाकला होता. त्याला अडखळून तो पडला. नडगी सोलवटली. उठायला त्याला कुणी हात दिला असता तर बरं झालं असतं, आणि कुणी पाहिलं नाही हेही बरं झालं. दोन्ही त्याला एकदमच वाटलं. तो कडेच्या दगडी गडग्याला धरून उठला आणि पुढे निघाला. तोंडाने तो एकच वाक्य घोळवत होता आणि ते दर वेळी निराळं होत होतं.

यमुनाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मालन पाण्याला गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"भावजी? तुमी इतक्या वर?" आवाज तिचाच, पण आत पोकळ झालेला. "आन पायाला काय झालं? रक्त येतंय."

तो पायरीवर बसला. त्याने काठी आडवी ठेवली, मग उचलून उभी केली, परत आडवी ठेवली. किती वर्षांनी तो या पायरीवर बसत होता. रावजी असताना संध्याकाळ इथेच जायची.

"वयनी, त्या दिवशी मना कौल दिसला नाय," तो म्हणाला. "डावा पडला का उजवा, मना ठाव नाय. मना गेली काही वर्सं दिसतच नाय."

बोलून झालं. आभाळ कोसळलं नाही. परसात कोंबडी माती उकरत होती. त्याला वाटलं, ती आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. दोन्हीची त्याची तयारी होती. घालाव्यात तिने शिव्या.

"मना दिसला," ती म्हणाली.

धोंडूने मान वर केली.

"उजवा पडला. तुमी डावा म्हनालात तवा मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, ह्यांना दिसत नाय." ती थांबली, धाप लागली होती. "आन गप ऱ्हायले. देवीच पावली म्हटलं."

तिने मग तुटक तुटक सांगितलं. तिला ऑपरेशनची भीती नव्हती, मरणाची तर नव्हतीच. परक्या पुरुष डॉक्टरपुढे, चार माणसांच्या देखत, त्या टेबलावर पडावं लागेल याची होती. देवरुखच्या डॉक्टरने तपासलं त्या दिवशी ती घरी येऊन चुलीपुढे बसली ती मालनने उठवेपर्यंत उठली नव्हती. पुन्हा ते नको. घरात मरू. उजवी पाकळी पडताना बघितली तेव्हा ते टेबलच तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं, आणि धोंडूचा शब्द ऐकला तेव्हा तिला इतकं सुटल्यासारखं झालं होतं की तिचे गुडघे दुखायचे थांबले होते. आता मात्र रात्र रात्र डोळा लागत नव्हता. दुखण्यानेही, आणि देवीला फसवल्यानेही.

धोंडूला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस तो एकटा ओझं वाहतोय असं समजत होता, आणि ओझ्याचं दुसरं टोक हिच्या खांद्यावर होतं. त्याला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. मग नुसतीच कीव आली, दोघांची.

"मग आता?" त्याने विचारलं.

"जाते," ती म्हणाली. "कळ सोसवत नाय आता. लाज कसली धरून बसू? पन मालनला सांगू नका, मी बघितलं म्हनून. तिनं माजी लय सेवा केलीन. तिच्या मनातून उतरंन मी."

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. मालन डोक्यावर हंडा आणि काखेला कळशी घेऊन आली. गुरव आपल्या पायरीवर बसलेला बघून ती जागीच थबकली. एवढी चढण चढून तो कशाला येईल? काहीतरी अशुभ असणार असंच तिला वाटलं असावं, कारण तिने आधी सासूकडे बघितलं.

धोंडू उभा राहिला. सांगायचं तर एकाचंच सांगता येत होतं. यमुनाबाईने पाहिलं म्हणून सांगावं, तर तो निम्मा सुटत होता. त्याने घसा साफ केला.

"मालन, कौल उजवा व्हता. माजी चूक झाली. हिला रत्नांग्रीला ने, उद्याच्या उद्या ने."

मालनने विचारलं, हे आता कसं कळलं तुम्हाला? प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळच द्यावं लागणार होतं.

"मना दिसत नाय. तवाबी दिसलं नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं." मग तो खोटं बोलला, आणि खोटं बोलताना त्याला बरं वाटलं. "पानी ओतताना पाकळी हाताला लागली. डावी तशीच व्हती, म्हंजे उजवी पडलेली. सांगायला तोंड झालं नाय."

यमुनाबाईने पदर तोंडाला लावला.

मालनने हंडा उतरवला. पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती ओरडली असती तर धोंडूने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. ती ओरडली नाही. ती काहीतरी आठवत होती, आणि ती काय आठवते आहे हे धोंडूला तिने तोंड उघडण्याआधीच कळलं. याच प्रश्नाला तो इतकी वर्षं भीत आला होता. फक्त तो आधी कुणाच्या तोंडून येईल, हे त्याला माहीत नव्हतं.

"मग आमच्या राहीचा?" मालन म्हणाली. "शिमग्यात तिच्या सोयरिकीचा कौल लावला, लांज्याच्या पोराचा. तोपन तुमी डावाच सांगितलात."

राही मालनची थोरली मुलगी. लांज्याचा तो मुलगा घरात सगळ्यांना पसंत होता, राहीला तर होताच. कौल डावा निघाला म्हणून ती सोयरीक मोडली आणि तिला मग घाईने दुसरीकडे दिली. तिकडून ती दिवाळीला आली नव्हती. का आली नव्हती, ते या घरात कुणी बोलत नसे.

धोंडूने तो दिवस आठवून बघितला. देवळात माणसं होती. पाकळी पडल्यावर सगळे गप्प झाले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण माणसं उजवी पडली म्हणूनही कधी गप्प होत असतील. एखादं पोर रडायचं थांबलं म्हणून होत असतील. हे इतक्या वर्षांत त्याच्या मनात कधीच आलं नव्हतं. यमुनाबाईने पदराआडून त्याच्याकडे बघितलं. निदान तो तरी डावाच होता म्हणा, अंदाजाने का होईना म्हणा, असं ते बघणं असावं. ते त्याला दिसलं नाही.

"ठाव नाय, मालन," तो म्हणाला. "तवाबी दिसत नव्हतं."

मालन घरात गेली. आत ट्रंकेचं झाकण वाजलं. धोंडू काठी धरून उभा होता. जावं की थांबावं, त्याला समजत नव्हतं. उद्या हे गावभर होईल. खालच्या वाडीचे त्याचे गुरव भाऊबंद देवळाच्या चाव्या मागायला येतील. आणि त्यांच्याही आधी इतर लोक येतील, एकेक करून, आपापला कौल विचारायला.

मालन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि सासूचं धुतलेलं लुगडं. ती यमुनाबाईशेजारी बसली आणि लुगड्याच्या घड्या घालू लागली. डोळे तिने पुसले होते, पण आवाज अजून ओला होता.

"सकाळच्या एस्टीला निघतांव आमी," ती वर न बघता म्हणाली. "तुमीपन या. डोळ्यांचा डॉक्टर तिथंच असतो." तिने लुगडं पिशवीत सारलं. "आन तवर कुनाला कौल लावू नका, बाबा."